वर-खाली पुसायचं नाही

२ फेब्रुवारी, सोमवार

मिक्सर बंद पडला. मी अजून स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं! तरी बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज आलाच — "हिचा हात लागला असेल!"

बावीस वर्षं झाली ह्या एका वाक्याला. इस्त्री जळली — हिचा हात. घड्याळ थांबलं — हिचा हात. सून पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिलाही हसत हसत सांगून झालं, "मशीनजवळ आईंना येऊ देऊ नकोस हं, मुंग्या येतात." ती बिचारी दुसऱ्या दिवशी मुंग्यांचा खडू घेऊन आली! सगळे पोट धरून हसले. मीही हसले. हसायचं नाही तर काय करायचं?

मुंग्या म्हणजे पडद्यावर चित्राच्या जागी पांढरी-काळी खरखर येते ना, ती.

मिक्सरची वायर उंदराने कुरतडलेली निघाली. पण हे काही कुणी मोठ्याने बोललं नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

शिवणवाली आली होती. ब्लाउज घट्ट झाला म्हटलं तर म्हणते, "ब्लाउज तेवढाच आहे आजी, तुम्हीच वाढलात!" तोंडाची फटकळ, पण हात चांगला. ती धाकटीच्या गल्लीत राहते, म्हणून मी तिच्याकडेच शिवते. तेवढीच खबर लागते.

आज खबर चांगली नव्हती. धाकटीचे डोळे चाललेत. उजवा गेलाच, डाव्याचंही डॉक्टरने सांगितलं म्हणे, आता उरलंसुरलं जपा. "खिडकीत बसते हो तुमची बहीण. मुलीचा एकेक फोटो डोळ्याला टेकवून बघते. मला विचारते, ह्यात ती हसतेय ना गं?"

मी सुई दोरा शोधायचं निमित्त करून आत गेले.

धाकटी माझी सख्खी बहीण. आठ वर्षांनी लहान. मी तिला कडेवर वागवलीय, तिच्यापायी माझी शाळा चौथीत सुटली. (त्याचं मला काही नाही. म्हणजे आहे. पण ते पुन्हा कधी.) एका गावात राहतो, अठरा वर्षं बोलत नाही. बाजारात दिसली तर ती भाजी न घेता परत फिरते.

४ फेब्रुवारी, बुधवार

नातीने ही वही दिली तेव्हा म्हणाली होती, आजी, मनातलं लिही. मनातलं तर हेच आहे. एकदा लिहूनच टाकते.

हे लग्नाचं शूटिंग करायचे. गावात दुसरा कॅमेराच नव्हता, तेव्हा काय तोरा! "शूटिंगवाले आले" म्हटलं की नवरदेवसुद्धा बाजूला व्हायचा. पण मशीन, म्हणजे तो कॅमेरा, पुसायचे मी. शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी, खिडकीजवळ, दिवा लावायच्या आधी. ह्यांनीच शिकवलं, आणि खरंच चांगलं शिकवलं. झाकण उघडलं की आत बाटलीच्या बुचाएवढा चकचकीत ड्रम. त्याच्या कडेला हेड — केसाच्या टोकाएवढं, दिसतसुद्धा नाही. टेप त्याला घासत जाते, टेपची भुकटी त्यात अडकते, आणि मुंग्या! म्हणून मऊ कातड्याचा तुकडा मशीनच्या स्पिरिटात ओला करायचा, ड्रमला नुसता टेकवायचा. हात हलवायचा नाही. दुसऱ्या बोटाने वरच्या कडेने ड्रम फिरवायचा, सावकाश. कातडं स्थिर, ड्रम फिरता. वर-खाली पुसायचं नाही. कधीच नाही! वर-खाली पुसलं की हेड मोडतं. कापूस तर लावायचाच नाही, त्याचे धागे अडकतात. मग टेप ओढणारी रबराची चाकी, मग टेपच्या वाटेतले बारीक खांब, मग पाच मिनिटं वाळू द्यायचं. तोवर मी चहा टाकायचे.

अकरा वर्षं पुसलं. एकदा तक्रार नाही.

मग भिंगरीचं लग्न. भिंगरी म्हणजे धाकटीची एकुलती एक. एका जागी पाय ठरायचा नाही, म्हणून मीच ते नाव पाडलं. शूटिंग घरचंच, हे म्हणाले फुकट करतो. केलं. घरी आले, टेप लावून बघितली एकट्याने, आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर — धाकटी, तिचा नवरा, व्याही, सगळे बसले होते — म्हणाले, "सगळ्या मुंग्या आहेत. हिने काल हेड पुसताना घालवलं."

मला आठवेना मी काय चुकले. पण माणूस शप्पथ कशी घेणार? संध्याकाळ होती, घाई होती, घर पाहुण्यांनी भरलेलं. झालं असेल, असं मलाच वाटलं. पुढे मशीन पुसायचं काम माझ्याकडून काढून घेतलं. ते मशीन बाद म्हणून कपाटात गेलं, दुसरं आलं.

तेवढ्यावर धाकटी रुसली असती आणि हसली असती. पण चार वर्षांनी भिंगरी गेली. तापाचं निमित्त. तेराव्या दिवसानंतर नाही, त्याच्याही आधी, धाकटी माझ्या दारात आली. आत येईना. म्हणाली, "ताई, त्या टेपमध्ये काहीतरी असेल गं. दोन मिनिटं. नुसता आवाज असला तरी." आतून हे म्हणाले, "काही नाही त्यात." मीही म्हटलं, "काही नाही गं."

तेव्हापासून नाही बोलली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कपाट उघडलं.

म्हणजे तसं दर शनिवारी उघडते, पुसते. माझ्या हाताखालून धूळ सुटत नाही. पण आज वस्तू बाहेर काढल्या. मशीन आहे, चार्जर आहे. आणि मागे उभी ठेवलेली ती छोटी कॅसेट, वर ह्यांच्या अक्षरात चिठ्ठी — "कोरी". ही कॅसेट मी हजारदा उचलून, खालची धूळ पुसून जागच्या जागी ठेवलीय.

आज हातात धरून बसले. हे टेपच्या बाबतीत कसले चिकट! एकेका टेपवर तीन-तीन लग्नं घ्यायचे. गिऱ्हाइकाला कॉपी दिली की वरून दुसरं लग्न. एकदा एका लग्नाच्या शेवटी दुसऱ्याच नवरीची आत्या नाचताना निघाली होती! असा माणूस कोरी टेप बावीस वर्षं कपाटात ठेवून देतो?

शिवणाच्या डब्यात चष्म्याच्या घरात माझं कातडंही सापडलं. धुतलं. अजून मऊ आहे. माझ्यापेक्षा तरी.

ठरवलं. मला बघायचंय. त्यात दोन मिनिटं जरी भिंगरी असली तर धाकटीचा डोळा आहे तोवर तिला न्यायची. आणि नसली, नुसत्या मुंग्या असल्या, तर ते तरी माझ्या डोळ्यांनी बघेन. माझ्या हाताने झालं की नाही, हे मेल्यावर कुणाला विचारू?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

भाजीच्या पिशवीत मशीन, वर पालक ठेवला. ह्यांना दिसू नये म्हणून. ह्या वयात नवऱ्यापासून लपवून परपुरुषाकडे! नातीला फोनवर सांगितलं तर केवढी हसली.

परपुरुष म्हणजे चिमटा. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला. कानामागे कायम चिमटा अडकवलेला असतो, खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत असेल की नाही. आता मोबाईलच्या काचा बसवतो. मशीन बघून त्याचा चेहरा असा उजळला जसं माहेरचं कुणी आलं.

"वहिनी, ही अजून जिवंत आहे?"

"ते तू सांगायचंस."

उघडून बघितलं. आतलं ग्रीस दगड झालंय, टेप आत घेणारा भाग हलत नाही, टीव्हीला जोडायची खाच मोडलीय. चार दिवस लागतील. मोडलेल्या खाचेमुळे कॉपी निघणार नाही म्हणाला, ह्याच्याच छोट्या पडद्यावर बघायचं, ह्याच्याच भोंग्यातून ऐकायचं. चालेल म्हटलं.

मग त्याने कॅसेट हातात घेतली. उलटीसुलटी केली. कडेची बारीकशी लाल खिट्टी नखाने दाखवली.

"वहिनी, ही खिट्टी सरकवली की टेपवर दुसरं काही भरता येत नाही. कुणी चुकून पुसू नये म्हणून करतात."

"बरं मग?"

"वर लिहिलंय कोरी. कोऱ्या टेपला कुणी कुलूप घालतं का?"

७ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर डोक्यात तेच. कुलूप.

कपाट पुसलं. ह्यांना रिकामी जागा दिसली नाही. ह्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही जवळचं धड दिसत नाही. दिसत नाही म्हणायचं मात्र नाही!

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते आधी लिहिते, चहा नंतर.

चिमट्याने मशीन चालू केलं. गुरगुरलं, थांबलं, मग ड्रम फिरायला लागला — सूंऽऽ असा तो बारीक आवाज! तो पुसायला कातडं शोधायला लागला. मी पिशवीतून माझं काढलं.

"तुम्ही पुसणार?" — अशा नजरेने बघितलं जशी मी विमान चालवणार म्हणाले.

"बघ तर."

स्पिरिट त्याचंच. खात्री केली, जखमेवर लावायचं नाही ना? त्यात पाणी असतं. तो म्हणाला, "वा! हेही माहीत आहे!" कातडं टेकवलं. हात थरथरेल वाटलं होतं, एरवी कप उचलताना थरथरतो. नाही थरथरला! बोटाने कड धरून ड्रम फिरवला. एक फेरा, दोन, पाच, दहा. कातड्यावर तपकिरी रेघ उमटली. बावीस वर्षांची घाण! नवीन जागा घेऊन पुन्हा. पुसून होईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, आणि बोलका माणूस आहे हो तो.

मग डोळ्याला भिंग लावून त्याने ड्रम बघितला. बराच वेळ.

"वहिनी, हे हेड कुणी घालवलं म्हणाले?"

"मी."

"ह्याला ओरखडासुद्धा नाही. चीर नाही, तुटलं नाही. ह्याला कधी काही झालेलंच नाही." भिंग काढून माझ्या हाताकडे बघितलं. "आणि हा हात हेड घालवणाऱ्यातला नाही. माझ्याकडे असे दोन हात असते तर मी मोबाईलच्या काचा बसवत बसलो नसतो."

मी नुसती हसत सुटले. दुकानात गिऱ्हाईक उभं, आणि सत्तर पार केलेली बाई पदर तोंडाला लावून हसतेय! त्याच्याकडची कुठली तरी जुनी टेप लावून बघितली, एक मूल वाढदिवसाला रडत होतं. इतकं स्वच्छ चित्र की त्याच्या नाकाखालचंसुद्धा दिसत होतं.

आमची टेप तिथे लावली नाही. भिंगरी असेल तर परक्याच्या दुकानात नको. चिमट्याने बजावून सांगितलं, "जुनी टेप आहे, भुकटी सोडणार. दर वेळी बघितल्यावर हेड पुसा, नाहीतर पुढच्या वेळी मुंग्या." कातडं नवीनही दिलं.

रस्त्याने चालताना दोनदा स्वतःशीच बोलले. ओरखडासुद्धा नाही! ओरखडासुद्धा नाही!

११ फेब्रुवारी, बुधवार

टेबलावर मशीन उघडं ठेवलं. मुद्दाम. बघू या म्हटलं.

ह्यांनी बघितलं. हात लागला असेल वगैरे काही नाही. मग जेवताना इतके गोड — "भाजी छान झालीय." चाळीस-पन्नास वर्षांत भाजीला नाव ठेवण्याखेरीज तोंड उघडलं नाही, आज छान झालीय! मग म्हणे, "तुला कशाला त्रास, मी पुसून देतो मशीन."

"पुसलंय मी."

"तरी एकदा बघतो."

मी गच्चीवरचे कपडे आणायला गेले. चार चादरी होत्या, वेळ लागला. खाली आले तर मशीनचं झाकण उघडं, आणि ह्यांच्या हातात कान कोरायची कापसाची काडी. कोरडी. आणि हात — वर-खाली. वर-खाली. वर-खाली.

चादरी खाली पडल्या.

"अहो!"

"पुसत होतो."

"वर-खाली?"

काडी खिशात ठेवली. खिशात! जशी कुणाला दिसलीच नाही.

ज्या माणसाने मला शिकवलं, माझ्या बोटावर टपली मारून शिकवलं, वर-खाली नाही, कधीच नाही — तो माणूस विसरला? औषधाच्या गोळीचं नाव विसरतील, सुनेचा वाढदिवस विसरतील. हे नाही विसरणार.

अजून टेप बघितलेली नाही. पण मला कळलंय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मशीन पदराखाली घेऊन फिरतेय, मांजर पिल्लू फिरवते तसं.

सकाळच्या उन्हात भिंग लावून बघितलं. ड्रमच्या कडेला एक कापसाचा धागा, हेडच्या अगदी जवळ. श्वास रोखून ओल्या कातड्याने, फिरवून, फिरवून, काढला. मोडलेलं काही दिसलं नाही. ह्यांचा हात आता तेवढा जोरही धरत नाही. देवाची दया, की म्हातारपणाची.

धागा ह्या पानाला चिकटवून ठेवलाय. हा बघ.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बघितली.

हे फिरायला गेल्यावर दार लावून बघितली. एक तास सात मिनिटं.

मुंग्या नाहीत. एकसुद्धा नाही.

लग्नही नाही.

नुसते पाय! आधी मला काही समजेचना. हॉलची फरशी, सतरंजी, खुर्च्यांचे पाय, माणसांचे पाय, मध्येच ह्यांचा बूट. चित्र लोंबकळतंय, हलतंय. मग कट्कन आवाज, आणि थेट पुढचे पाय. हारांच्या वेळी काय झालं? नाही. सह्यांच्या वेळी? नाही. सगळे टाळ्या वाजवतात तो क्षण? कट्कन. पुन्हा फरशी.

मग उमगलं. ह्यांचं बटण उलटं पडलं होतं. सुरुवातीलाच एकदा जास्त दाबलं गेलं. पुढे कॅमेरा डोळ्याला लावून चालू करायचे तेव्हा तो बंद व्हायचा, आणि बंद केला म्हणून हात खाली सोडला की चालू! आख्खं लग्न असंच. डोळा लावतो त्या खिडकीत अक्षरं येतात की बाबा आता चालू, आता बंद. पण ती वाचायला चष्मा लागतो. ह्यांना तेव्हाच चष्मा लागला होता. घालायचे नाहीत. "शूटिंगवाला चष्मा लावून आला तर गिऱ्हाईक काय म्हणेल?"

नाचता येईना, अंगण वाकडं. अंगणही नाही हो, बायको वाकडी!

पण ते जाऊ दे. आवाज. त्यात सगळा आवाज आहे. भिंगरी बोलतेय! एक तास ती थांबतच नाही. दोन कार्यांच्या मध्ये माणसं जसं खरं बोलतात तसं. तिच्या चपलेचा पट्टा तुटलाय, त्याला पिन लावलीय, तो पाय नाचवत म्हणते, "आई, रडायचं तर आत्ताच रडून घे, फोटोवाला आला की हस." मला हाक मारते — "मावशीने खाल्लं का? कुणीतरी तिला बसवा रे, ती उभ्यानेच म्हातारी होईल." तिचं ते नाकातलं हसू. मी विसरले होते ते. कसं विसरले?

आणि मग हे. मी तीनदा मागे नेऊन ऐकलं. भिंगरी म्हणते —

"काका, तुमच्या कॅमेऱ्याचा पुढचा लाल दिवा आहे ना, तो खाली धरल्यावर लागतो. माझ्याकडे धरता तेव्हा विझतो."

आणि ह्यांचा आवाज, तेव्हाचा, तोऱ्यातला — "मला शिकवतेस? तू नटून बस!"

दिवा पुढच्या बाजूला असतो. समोरच्यालाच दिसतो. तिला दिसला. तिने सांगितलं.

हेड पुसलं. वाळू दिलं. चहा टाकला नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

विचारलं. भांडले नाही, नुसतं विचारलं.

"पुसून का नाही टाकलीत?"

हे खिडकीकडे बघत होते. म्हणाले, "टाकणार होतो. राहून गेलं. मग पोर गेली. मग हात होईना. खिट्टी सरकवून ठेवली."

"आणि धाकटी दारात आली होती तेव्हा?"

"सगळ्या गावाला सांगून बसलो होतो. आता काय सांगणार होतो?"

"परवा कापूस घेऊन कुठला हात होत होता?"

त्याला बगल देऊन म्हणाले, "तिला दाखवू नकोस. जगायचे किती दिवस राहिलेत माझे? शूटिंगवाला म्हणून राहू दे."

मी म्हटलं, "तुम्ही शूटिंगवाले म्हणून राहिलात. मी काय म्हणून राहिले?"

कपाट पुसलं. मागची जागा रिकामी.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज भांडी घासताना गाणं म्हटलं. मोठ्याने. हे बाहेरच्या खोलीत असताना! पंखा कुरकुरायला लागला, मी वाट बघितली — आवाज आला नाही. "हिचा हात लागला असेल" नाही. कान कसे हलके हलके वाटले!

नातीला सगळं सांगितलं. "आजी, तू तर मेकॅनिक झालीस!" झालेच. मी म्हटलं, झाले नाही गं, होतेच.

उद्या धाकटीकडे. निळी साडी इस्त्री केली. तिला काय काय म्हणायचं ते मनात शंभरदा घोकलं. बघ, ताईचा हात नव्हता. बघ, ओरखडासुद्धा नाही. ती रडेल, मी तिला जवळ घेईन. अठरा वर्षांचं एका घटकेत फिटेल. दोघी मिळून ह्यांना अशा शिव्या देऊ!

१७ फेब्रुवारी, मंगळवार

गेले. शिवणवालीला पुढे केलं, तिने सांगितलं कशासाठी आलेय ते. धाकटीने दार धरून ठेवलं होतं. मग बाजूला झाली. या नाही, बस नाही. किती बारीक झालीय! केस सगळे पांढरे. माझ्या कडेवरची पोर.

खिडकीत बसलो. मशीन टेबलावर. तिने पडदा नाकाला लावला, तरी नीट दिसेना. आवाज सुरू झाला. भिंगरी हसली.

धाकटी हललीच नाही. हात मशीनवर, पाखरू धरावं तसे.

मग म्हणाली, "काय दिसतंय?"

अठरा वर्षांतला पहिला शब्द. मनात आलं, सांगावं हार दिसतोय, ती खुर्चीत बसलीय, हसतेय. तिला कुठे कळणार होतं? ह्यांचीही झाकली मूठ राहिली असती.

"पाय," मी म्हटलं. "नुसते पाय आहेत गं. भिंगरीचे. चपलेचा पट्टा तुटलाय, पिन लावलीय."

"ती पिन माझी," धाकटी म्हणाली. "माझ्या साडीची काढून दिली होती."

मग दिव्याचं आलं, काका, तुमचा लाल दिवा. नटून बस. धाकटीने मान वर केली. तिला कळलं, सगळं कळलं, मला घोकलेलं काही बोलावंच लागलं नाही. संपल्यावर मी हेड पुसलं. तिने पुन्हा लाव अशी खूण केली. दुसऱ्यांदाही ऐकलं. मी निघताना शिवणवालीला म्हणाली, "तिला सांग, उद्या ये."

तिला! समोर उभी होते मी. पण उद्या ये म्हणाली. मी जवळजवळ पळत घरी आले.

१८ फेब्रुवारी, बुधवार

धाकटी म्हणाली, "हात तुझा नव्हता. कळलं. पण टेप तुझ्या कपाटात होती. दारात मी आले होते तेव्हा 'काही नाही गं' तूच म्हणालीस. बघितलं होतंस का, ताई? एकदा तरी लावून बघितलं होतंस?"

मी मशीन पिशवीत भरायला लागले.

"मशीन इथेच राहू दे. दर मंगळवारी येऊन पुसून जात जा. पुसताना बोलू नकोस, मला ऐकायचं असतं."

कातडं धुऊन वाळत घातलंय.